पुठ्ठ्याचे सहा हात

सोमवार, ४ नोव्हेंबर

चांगली मोटर कशी ओळखायची? आज जेवताना बाबांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. इथे कोणी वाचणार नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकते : मला माहीत नाही.

बाबा रंगारी आहेत. भिंतीवर नखानं ओरखडा काढून ते खालच्या थराचं वय सांगतात. "डबा उघडला की मला वासावरून रंग कळतो," ते म्हणाले. "तुमच्या मोटारीचं काय? हुंगून बघता की चावून?"

"अर्ज मागवत असेल," दादा म्हणाला. "शिक्षण, वय, पूर्वानुभव." दादा बेकरीची गाडी चालवतो. सकाळी लवकर जातो, दुपारी झोपतो आणि उरलेला वेळ मला चिडवतो.

मी शांतपणे समजावून सांगितलं. सर्वो मोटर काडेपेटीएवढी असते. तिला सांगू त्या कोनापर्यंत ती फिरते आणि तिथेच थांबून राहते. रोबोटचा हात, मान, पाय, सगळं तिच्यावर. तीच दगा देणारी निघाली तर बाकीचं सगळं व्यर्थ.

"म्हणजे तुझ्या दादासारखी नको," आई आतून म्हणाली. ती वाढायला आत-बाहेर करत होती.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बाबांनी प्रमाणपत्राला चौकट करून ते बाहेरच्या खोलीत लावलं आणि तेवढ्या भिंतीला वेगळा रंग दिला. त्याच खोलीत मी बुधवारी आणि शनिवारी शेजारच्या शाळेतल्या सहा मुलींना रोबोट बनवायला शिकवते. शाळेचं प्रदर्शन सात डिसेंबरला आहे. आमचं काम मुख्याध्यापिकांना पसंत पडलं तर हा वर्ग शाळेचा होईल आणि मी त्याची शिक्षिका. नाही पडलं तर मामानं त्याच्या विमा कचेरीत माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. बाबांशी तसं ठरलंय : सात डिसेंबरपर्यंत मी माझ्या मनासारखं करायचं, मग जो निकाल लागेल तो मान्य.

मला विमा विकायचा नाही. मला मुलींच्या हातांना यंत्राची सवय लावायची आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत "स्वावलंबन" लिहिलेली पाटी लावलीय, ती उगाच नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर तीन मोटारी मांडल्या. निळी, आत प्लॅस्टिकचे गिअर. काळी, धातूचे गिअर, जोर जास्त. तिसरी पारदर्शक, आतलं सगळं दिसणारी.

"निळी न्या. सगळे निळीच नेतात."

"टिकते का?"

"नेणारे परत येतात."

"तक्रार घेऊन?"

"आणखी न्यायला. तक्रार असली तरी आणखी नेतात."

हे उत्तर आहे की नाही ते मला ठरवता आलं नाही. तिन्ही प्रकारांतली एकेक घेऊन आले. निवड वैज्ञानिक पद्धतीनंच करणार.

संध्याकाळी भिंतीवर पेन्सिलीनं अर्धवर्तुळ काढून कोनांच्या खुणा केल्या. बाबा दारात उभे राहिले.

"माझ्या भिंतीवर?"

"विज्ञानासाठी, बाबा."

"मग रंगाचा दुसरा हात विज्ञानालाच मारायला सांग."

मोटारीच्या फिरत्या पात्याला लटकवायला वजन हवं होतं. आईची मोठी कात्री अगदी बरोबर बसली. आई सोफ्यांची कव्हरं शिवून देते, त्यामुळे कात्री मजबूत आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रयोग पूर्ण. प्रत्येक मोटर एकटी, टेबलावर, नव्या कोऱ्या बॅटरीवर, कात्री लटकवून पुन्हा पुन्हा फिरवली. थांबल्यावर पातं खुणेवर येतं का, दांडी बोटानं हलवली तर लटपटते का, अंग तापतं का, सगळं पाहिलं.

पारदर्शक मोटर काही काम नसतानाही गुणगुणत राहते. बाबांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं. स्वतःच्या सख्ख्या बहिणीवरून. काळी जोरदार आहे, पण जरा दांडगी. निळी मात्र दर वेळी खुणेवर आली आणि आली की गप्प बसली. निवड झाली : निळी. आणखी पाच आणायच्या.

मुलींना मी व्याख्या सांगितली. "विश्वासू मोटर म्हणजे सांगितलेल्या जागी जाणारी, तिथे गप्प राहणारी आणि डोकं न तापवणारी."

"असा जावई मिळतो का बघ," बाबा आतून आईला म्हणाले. मुली हसत सुटल्या. शिस्त बिघडते अशानं.

आईला दोन दिवस कात्री मिळाली नाही म्हणे. ती प्रयोगात होती, हे मी तिला सांगितलं होतं. "विचारलं मी तिला," आई म्हणाली, "पण ती लटकलेली होती, बोलली नाही."

दुपारी मावशीचा फोन आला होता. दोन वर्षांपूर्वी मावशी एका तळ्याकाठी राहायला गेली, तेव्हापासून ती आईला बोलावते आहे. आईनं ते तळं फोटोतच पाहिलंय. "येते गं," आई म्हणाली, "हिचं मोटारींचं एकदा होऊन जाऊ दे."

बुधवार, १३ नोव्हेंबर

अनर्थ.

माझी कल्पना अशी आहे : सहा मुली, पुठ्ठ्याचे सहा हात, मधे मोटारींना हुकूम आणि वीज देणारा एक बोर्ड, त्याला एक कळ. कळ दाबली की सहाही हात एकदम वर होऊन पाहुण्यांच्या दिशेनं हलतील. एकीचं बळ डोळ्यांना दिसलं पाहिजे. बोर्डाला मोबाइलचा चार्जर लावला की झालं, कुठे पसारा नाही.

हात सुंदर झालेत. प्रश्नावलीनं तिच्या हाताला बांगडी घातली. (ही मुलगी दर वाक्याला प्रश्न विचारते, म्हणून दादानं ठेवलेलं नाव.) मौनीनं तिच्या हाताला नखं काढली. मौनी बोलतच नाही, पण पुठ्ठा शिवताना तिचे टाके सरळ असतात.

मी कळ दाबली. सहाही हात अर्धे वर आले, थरथरले, खाली गेले, परत वर आले. एक डावीकडे गेला तो गेलाच. थंडी वाजून आलेल्या माणसांच्या रांगेसारखं दिसत होतं.

"ताई, यांना काय होतंय?" प्रश्नावलीनं विचारलं. "ह्या त्याच निळ्या मोटारी ना? मग टेबलावर कशा शहाण्यासारख्या वागायच्या?"

मी म्हटलं, मोटारींत खोट आहे. बाहेरून छान, आतून कच्च्या. जगात असं असतं, हेही शिकायला हवं.

"पण सहाच्या सहा कच्च्या?"

मी तिला पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करायला सांगितले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आई हल्ली विसरभोळी झाली आहे. सकाळचंच उदाहरण लिहून ठेवते. दादाला मोजे सापडत नव्हते. बाबांना ब्रश पुसायची फडकी हवी होती. मला बारीक सुई हवी होती. फोन वाजत होता आणि गॅसवर दूध होतं. आम्ही तिला हाका मारल्या, एवढंच. तर आई स्वयंपाकघराच्या दारात अर्धं पाऊल डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग परत डावीकडे, आणि मधेच उभी राहिली. हातातला डावसुद्धा हलत होता. दूध उतू गेलं. मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता थोडा वेळ कुणी काही मागू नका."

मी नंतर तिच्याजवळ बसून समजावलं की कामाला पद्धत हवी. वेळापत्रक केलं तर असा गोंधळ होत नाही. मी करून देते म्हटलं.

"दे," आई म्हणाली. "लटकव भिंतीवर. माझ्या कात्रीशेजारी."

शनिवार, १६ नोव्हेंबर

निळ्या परत करून काळ्या आणल्या. दुकानदारानं काहीही न विचारता बदलून दिल्या. "मी म्हणालो नव्हतो," एवढंच म्हणाला. काय म्हणाला नव्हता ते कळलं नाही.

धातूचे गिअर, दुप्पट जोर. आता खोट निघायला जागाच नाही, असं वाटलं होतं.

कळ दाबली. हात थरथरलेसुद्धा नाहीत. एक झटका दिला आणि बोर्डावरचा दिवाच विझला. मग पेटला. मग सगळे हात पुन्हा झटकले आणि तो पुन्हा विझला. जणू सहा जणांनी ठरवून पाठ फिरवली.

म्हणजे चांगल्या मोटारी जास्त वाईट निघाल्या. याचा अर्थ काय लावायचा? महाग वस्तूंना मिजास जास्त, असं मी मुलींना सांगितलं. सांगताना मलाच पटत नव्हतं.

आईनं मुलींना पाणी दिलं, खायला दिलं आणि जाताना सहाही जणींच्या वेण्यांतले पुठ्ठ्याचे कपटे काढले. प्रश्नावलीनं विचारलं, "काकू, तुम्ही पण शिकता का ताईकडे?"

"शिकते की," आई म्हणाली. "पहिला धडा झाला. कपबश्यांचा."

बुधवार, २० नोव्हेंबर

मामा आला होता. त्याला नाही म्हणणं अवघड जातं, कारण तो प्रेमानं बोलतो.

"तुला फिरणाऱ्या वस्तू आवडतात ना?" तो म्हणाला. "आमच्याकडची खुर्ची फिरते. पूर्ण गोल. तुझ्या मोटारीसारखी अर्ध्यात अडत नाही."

बाबा हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले, ते जास्त लागलं.

आज वर्गात मन नव्हतं. खरं लिहायचं तर मला भीती वाटते. पदवी मिळाली तेव्हा बाबा कामावरच्या प्रत्येक घरात सांगत फिरले होते. लोकांच्या भिंती रंगवता रंगवता. आता त्याच घरांतले लोक प्रदर्शनाला येतील आणि रंगाऱ्याच्या पदवीधर मुलीचे सहा हात थरथरताना पाहतील.

पारदर्शक मोटारीही एकदा सहा आणून बघाव्यात का? आत्याबाई निदान आतलं लपवत तरी नाहीत.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज मौनीला रागावले. वाईट वाटतं, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

मी आत दुसरा बोर्ड आणायला गेले होते. परत आले तर तिनं बाकीच्या पाच जणींच्या तारा बोर्डावरून उपसून ठेवल्या होत्या आणि फक्त स्वतःचा हात जोडून कळ दाबत होती. तिचा हात छान वर गेला, हलला, खाली आला. पुन्हा वर गेला. झटका नाही, काही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, हाताकडे बोट दाखवलं, मग त्या उपसलेल्या तारांकडे.

मी म्हटलं, "आपल्या एकटीचं चाललं की झालं, असं नसतं. सगळ्यांचं चाललं पाहिजे. आपण इथे एकत्र आहोत."

तिनं पाचही तारा परत जोडल्या. सगळ्या हातांनी परत झटका दिला आणि दिवा विझला. तेव्हा तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. फार हट्टी मुलगी आहे.

मावशीचा फोन. आई म्हणाली, "प्रदर्शन झालं की नक्की." फोन ठेवल्यावर दादा म्हणाला, "मागच्या वेळी माझी शिफ्ट बदलली की नक्की होतं." आई म्हणाली, "तुझी शिफ्ट बदलली का?" दादा झोपायला गेला.

बुधवार, २७ नोव्हेंबर

आईला ताप आला. काल संध्याकाळपासून अंथरुणावर आहे. घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. पिण्याचं पाणी भरलेलं नव्हतं. बाबा फडकी म्हणून दादाचा शर्ट घेऊन गेले. दादा पायात एक निळा आणि एक तपकिरी मोजा घालून गाडीवर गेला. वर्गाच्या मुली तीन वाजता आल्या, त्यांना पेले कुठे असतात ते मला सांगता येईना.

आईच्या खोलीत गेले आणि विचारलं, पेले कुठे, बारीक सुई कुठे, बाबांचा फोन आलाय, ते विचारताहेत पांढऱ्या रंगाचा डबा उघडायची चावी कुठे ठेवलीस. आई डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "पेले खालच्या फळीवर. बाळा, जरा थांब. एकेकानं मागा रे. एकेकानं मागितलं तर मी सगळ्यांना पुरते. सगळे एकदम ओढता, मग मी कुणालाच पुरत नाही. मला जरा पाणी दे."

आणि मला एकदम दिसलं.

मी धावत बाहेर गेले. सहाही हातांच्या तारा उपसल्या. एक जोडला, कळ दाबली : शहाण्यासारखा हलला. दोन जोडले : हलले. तीन : जरासे दचकले. चार : थरथर. पाच : दिवा मिणमिणला. मोटारींत काही नव्हतंच. मी त्यांना टेबलावर एकेकटं तपासलं, नवी बॅटरी प्रत्येकीच्या वाट्याला अख्खी दिली आणि मग सहा जणींना एका मोबाइलच्या चार्जरवर जुंपलं, तेही एकाच क्षणी उठा म्हणून. काळ्या जास्त जोराच्या, म्हणून जास्त ओढणाऱ्या, म्हणून जास्त वाईट. माझी एक कळ, माझी एकी, तिनंच घात केला.

मौनीनं शनिवारी मला हेच दाखवलं होतं. मी तिला सगळ्या मुलींसमोर तसं सांगितलं आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "हं." तिनं वर्गात उच्चारलेलं हे पहिलं अक्षर.

प्रश्नावलीनं विचारलं, "मग आता?" आता दर दोन हातांना बॅटरीची वेगळी पेटी. बोर्डानं फक्त हुकूम द्यायचा, पोसायचं नाही. सगळ्यांची काळी, वीज परत नेणारी तार मात्र एकमेकींना जोडलेली, नाहीतर हुकूम कळत नाही. आणि सहाही जणींनी एकदम उठायचं नाही, एकीमागे एक. मी फळ्यावर आकृती काढली. इतका आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

नंतर, सातच्या सुमाराला. बाबा घरी आले, आईच्या खोलीत गेले आणि रिकामा पेला घेऊन बाहेर आले. "हिला पाणी कुणी दिलं नाही का?" म्हणाले.

दुपारी तिनं मागितलं होतं. द्यायचं राहिलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

काळ्या घेऊन पुन्हा दुकानात गेले आणि निळ्या परत मागितल्या.

"आता काय झालं?" दुकानदार म्हणाला.

"त्या चांगल्या होत्या. चूक माझी होती. माफी मागायला आले."

"माझी?"

"मोटारींची."

त्यानं खोक्यातून निळ्या काढून माझ्यासमोर ओळीत मांडल्या. "मागा. मी तिकडे बघतो."

घरी सहाही पुन्हा तपासल्या, या वेळी एकत्र, खऱ्या ओझ्यासकट, पुठ्ठ्याचा हात लावून. पाच उत्तम. सहावीच्या गिअरचा एक दात खरंच तुटका निघाला, त्यामुळे ती एका ठिकाणी अडते, ती बदलून आणायची. म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. सहांत एक. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या घरात तर चारांत एक आहे," आणि दादाकडे पाहिलं.

बाबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं सापडलं : मोटारीला काय जोडलंय ते आधी बघायचं, मग मोटारीला नावं ठेवायची.

आई उठून बसली आहे. कव्हरं शिवतेय. कात्री तिच्याजवळ आहे.

शनिवार, ७ डिसेंबर

शाळेचं सभागृह. बाबा इस्त्रीच्या शर्टात, मामा मागच्या रांगेत, दादा चक्क जागा.

प्रश्नावलीनं कळ दाबली. पहिला हात वर गेला, मग दुसरा, मग तिसरा, अशी लाट गेली. मौनीचा हात शेवटी. मधे जरा थांबला, आणि मग तो इतका सावकाश, इतका ऐटीत वर आला की लोक हसले आणि मग टाळ्या वाजवायला लागले. नंतर कळलं की उशीर तिनं मुद्दाम बसवला होता.

बाबा टाळ्या वाजवत नव्हते. ते शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "ती उभी आहे ना, ती आमची. तुमच्या घरातला तो निळा हॉल मीच रंगवलेला."

मुख्याध्यापिका स्टेजवरून उतरून आमच्यापाशी आल्या. वर्ग शाळेचा करायला त्या तयार आहेत. पुढच्या सत्रापासून, आणि सहाऐवजी अठरा मुली. मला उडी मारावीशी वाटली.

"फक्त जागेचं," त्या म्हणाल्या. "शाळेत खोली नाही. तुमच्या घरीच चालू ठेवा, आठवड्याला चार दिवस. तिथलं वातावरण फार छान असतं म्हणतात मुली. वेळेवर पाणी, खाऊ, सगळी टापटीप. शाळेत हे कोण करणार?"

बाबा लगेच म्हणाले, "काहीच हरकत नाही. भिंतीला दुसरा हात मारून देतो."

आई म्हणाली, "चालेल की." आणि बाहेर पडताना माझ्या कानाशी, "मावशीला सांग गं, एवढं सत्र होऊन जाऊ दे म्हणावं."

रविवार, ८ डिसेंबर

दिवसभर सगळे खुशीत. मी या वहीची मागची पानं चाळली. चौदा नोव्हेंबरचं पान दोनदा वाचलं. आई दारात उभी, डाव हलतोय, दूध उतू जातंय. खाली माझ्या अक्षरात लिहिलंय : कामाला पद्धत हवी.

ज्या मुलीनं हे लिहिलं तिला विमा विकायला पाठवायला हवं होतं.

भिंतीवरची "स्वावलंबन" ही पाटीही आईनंच ओल्या फडक्यानं पुसून लख्ख ठेवलेली दिसते.

सोमवार, ९ डिसेंबर

मुख्याध्यापिकांकडे गेले. म्हटलं, वर्ग घेईन, पण घरी नाही. शाळेत जागा मिळाली तरच.

"आणि नाही मिळाली तर?"

"तर मामाकडे खुर्ची आहे. फिरती."

त्यांना काही कळलं नाही, पण त्या विचारात पडल्या. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या वेळात मी माझी सगळी तत्त्वं मनात मोजली आणि घाबरून पुन्हा मोजली.

जिन्याखाली मोडक्या बाकांची खोली आहे. तीच देतात. बाक आम्ही काढायचे, रंग आम्ही लावायचा, पाण्याची सोय आम्ही करायची. त्यात अठरा मुली मावणार नाहीत, नऊच मावतील. मला नऊ पुष्कळ. प्रत्येकीनं आपला पेला आणायचा आणि आपणच विसळायचा, हा पहिला नियम.

बाबांना खोलीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "घरची खोली सोडून जिन्याखाली? पदवीधर झालीस ती याच्यासाठी?" मग थोड्या वेळानं, "ओल आहे का तिथे? आधी घासून घ्यावं लागेल."

गुरुवार, १२ डिसेंबर

संध्याकाळी दादा (आज त्याला दुपारचीही फेरी होती) आणि बाबा एकाच वेळी घरात शिरले.

"आई, माझे मोजे?"

"अगं, ती घासायची जाळी कुठे ठेवलीस? शाळेच्या खोलीला लागेल."

आतून उत्तर आलं नाही. दोघांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मी बाहेरच्या खोलीत पेन्सिलीचं अर्धवर्तुळ खोडत बसले होते.

"आई कुठे आहे?" दादानं विचारलं.

"मावशीकडे," मी म्हटलं. "तू गाडीवर गेलास, बाबा कामावर गेले, मग मी तिला बसमध्ये बसवलं. आत्तापर्यंत तळं दिसलं असेल."

बाबा खाली बसले. "मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जा की म्हणाला असता, आणि मग विचारलं असतं, जाळी कुठे ठेवलीस."

"कधी येणार?" दादा म्हणाला.

"परतीचं तिकीट काढलेलं नाही. तिला वाटेल तेव्हा." आईनंही बसच्या खिडकीतून हेच विचारलं होतं, परत कधी येऊ? कुणाला काही लागलं तर? मी म्हटलं, शोधतील. बस हलली तेव्हा तिनं हात वर केला, आणि वळण येईपर्यंत तो खाली घेतला नाही. कात्री तिनं बरोबर नेली आहे. पुन्हा कुणी लटकवू नये म्हणून, म्हणाली.

"बरं, मग मोजे कुठे असतात?" दादानं विचारलं.

"जाळी कुठे असेल?" बाबांनी त्याच वेळी विचारलं.

"एकेकानं," मी म्हटलं, आणि मग कबूल केलं की मलाही माहीत नाही. तिघं उठलो आणि शोधायला लागलो.